चित्रपुस्तकाची आखणी: कोऱ्या कागदापासून छापखान्यापर्यंत

मराठवाड्यातल्या पोरांना पुस्तकात भेटणारं घर बहुतेक वेळा कोकणातलं असतं. उतरतं कौलारू छप्पर, बाजूला नारळ, मागे त्रिकोणी डोंगर आणि त्या डोंगरांच्या खाचेतून वर येणारा सूर्य. आपल्याकडच्या जुन्या गावांतली घरं माळवदाची: वर सपाट माती, खाली जाडजूड भिंती, उन्हाळ्यात दिवसा माळवदावर वाळवण आणि रात्री अंथरुणं. रान पसरट, क्षितिज लांबवर. लातूरचं किंवा परभणीचं पोरगं हे सगळं रोज बघतं आणि चित्र काढायला बसलं की तेच कौलारू घर काढतं, कारण छापलेलं तेवढंच त्याने पाहिलेलं असतं.

म्हणून तीन ते सात वर्षांच्या मुलांसाठी चित्रपुस्तक करणाऱ्यांसाठी हा लेख. तुम्ही स्वतः लिहून स्वतःच चित्रं काढणार असाल किंवा लिहिणारा एक आणि चित्रकार दुसरा असेल, कामाचा क्रम तोच राहतो. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो: निम्मं पुस्तक रंग हातात घेण्याआधी झालेलं असलं पाहिजे. आणि जे चित्रात दिसतं ते शब्दांनी परत सांगायचं नाही.

उदाहरणाला एकच गोष्ट शेवटपर्यंत घेऊ. लातूर-धाराशिवकडची येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावास्या. डिसेंबर-जानेवारीचे दिवस, ज्वारी उभी, हरभरा भरात. घरच्या घरं शेतावर जातात, कडब्याची कोप, म्हणजे छोटी झोपडी, करून पांडव पूजतात, आंबील, भज्जी, उंडे असं जेवण होतं, आणि बांधावर जो येईल त्याला जेवल्याशिवाय कोणी सोडत नाही.

आधी गोष्ट, तीही एका ओळीत

आपली गोष्ट अशी: पाच वर्षांच्या मनीला यंदा पहिल्यांदाच आंबिलीची छोटी बिंदगी (घागरीसारखं भांडं) डोक्यावर घेऊन शेतावर जायला मिळतं, ती शेतात पोचते तेव्हा बिंदगी रिकामी झालेली असते.

एका ओळीत बसत नाही ती गोष्ट चोवीस पानांतही बसत नाही. सण, त्याचं महत्त्व, निसर्गाचं संरक्षण आणि आजीची माया हे सगळं एकाच पुस्तकात कोंबायचा मोह फार होतो. तो टाळा. मनीचं काम एकच: बिंदगी पोचवणं. मुलाला तेवढं पुरतं.

आता शब्द आणि चित्र यांची वाटणी. आपण लिहिणार: 'मनी जपून जपून चालते. एक थेंबसुद्धा सांडत नाही.' चित्रात मात्र बिंदगीला बारीकशी चीर आहे आणि मनीच्या मागे थेंबांची रांग लागली आहे. पहिल्या थेंबावर मुंग्या. पुढच्या पानावर साळुंकी. मग कुत्रं, करडू, वासरू. शब्द आपले तेच म्हणत राहतात, 'एक थेंबसुद्धा सांडत नाही,' आणि ऐकणारं पोर ओरडतं, 'सांडलंय! सांडलंय की!' वाचता न येणाऱ्या मुलाला वाचणाऱ्या मोठ्या माणसापेक्षा जास्त कळलेलं असतं, आणि तो मान त्याला फक्त चित्र देऊ शकतं. इथे लेखकाने 'बिंदगीला चीर होती बरं का' असं एक वाक्य घातलं की सगळा खेळ संपला.

पारखायची सोपी रीत आहे. मजकूर हाताने झाकून चित्रं चाळा: गोष्ट अर्धीमुर्धी तरी कळली पाहिजे. मग चित्रं झाकून मजकूर वाचा: काहीतरी उणं आहे असं वाटलं पाहिजे. नुसता मजकूर पूर्ण वाटत असेल तर ती चित्रं असलेली गोष्ट झाली, चित्रपुस्तक नाही.

या वयाला सगळ्या पुस्तकात मिळून दीडशे-दोनशे शब्द खूप झाले. निवेदन प्रमाण भाषेत ठेवा, पण माणसं बोलतील ती इथल्यासारखी. आजी 'ये बाळा, बैस' म्हणणार नाही. ती म्हणेल, 'आलीस व्हय माय, टेक जरा.' शिक्षक हरकत घेतात कधीकधी, घेऊ द्या. संवाद दोनच ओळींचे असतात, आणि वाचणाऱ्या आईच्या तोंडी ते आपसूक बसतात.

पानांचा हिशेब

इथे बहुतेक नवखे लेखक-चित्रकार घाई करतात, म्हणून जरा थांबू. पुस्तकाची पानं मनाला येतील तितकी ठेवता येत नाहीत. २० बाय ३० इंची कागदावर एका बाजूला आठ पानं बसतात, दोन्ही बाजू मिळून सोळा. घडी घालून कापलं की हा झाला एक फर्मा. दोन फर्म्यांची ३२ पानं होतात, दीड फर्म्याची २४. मधे पिना मारायच्या पुस्तकाची पानं चारच्या पटीतच लागतात. पहिल्या पुस्तकाला २४ पानं आणि वेगळं कव्हर हा माझ्या मते सगळ्यात सोयीचा हिशेब.

आकारही याच कागदातून ठरतो. वरच्या हिशेबाने कापून हाती येणारं पान साधारण सव्वासात बाय साडेनऊ इंच. चौकोनी पुस्तक देखणं दिसतं खरं, पण साडेआठ इंची चौकोन करायला गेलात तर त्याच कागदाच्या एका बाजूला आठऐवजी सहाच पानं बसतात आणि उरलेला कागद रद्दीत जातो. पैसे त्याचेही मोजावे लागतात.

आता २४ पानांची वाटणी बघा. पान १ वर पुस्तकाचं नाव. पान २ वर प्रकाशनाची माहिती. पान ३ वर, उजव्या हाताला, गोष्ट सुरू. मग ४-५ पासून २२-२३ पर्यंत दहा जोडपानं. पान २४ वर शेवट. म्हणजे गोष्टीला बारा जागा मिळाल्या. मनीची गोष्ट त्यांत अशी बसते:

पान ३: आजी मनीच्या डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर बिंदगी ठेवते.
४-५: माळवदं, गल्ली, गावाबाहेर जाणारी वाट. मनी लहानशी.
६-७: पहिला थेंब, मुंग्या.
८-९: साळुंकी. पान ९ च्या उजव्या कडेला फक्त एक शेपूट दिसते.
१०-११: ते कुत्रं.
१२-१३: सगळी वाट वरून दिसते. शब्द नाहीत.
१४-१५: करडू.
१६-१७: वासरू.
१८-१९: मनीचा चेहरा, पानभर. 'बिंदगी हलकी कशी झाली?'
२०-२१: मनी आत डोकावते. काहीच नाही.
२२-२३: मनी मागे वळते. सगळी वरात तिथेच उभी.
२४: कोपीपुढे आजी म्हणते, 'पाव्हणे घेऊन आलीस व्हय!' आणि सगळ्यांची पंगत.

येळवशीला आलेल्याला उपाशी पाठवत नाहीत, ही गोष्ट आपण कुठे लिहिली नाही. पंगतीच्या चित्रातून ती कळते.

या यादीत दोन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. एक, पान ९ वरची शेपूट. उजव्या पानाच्या कडेला काहीतरी अर्धवट ठेवलं की पोर स्वतःच पान उलटतं. मनी डावीकडून उजवीकडे चालते तेही याचसाठी, कारण नजर तिकडेच सरकत असते. ती मागे वळते ते पहिल्यांदा २२-२३ वर, म्हणून ते वळणं ठळक होतं. दुसरं, अंतर सारखं बदलत ठेवलं आहे: लांबून गाव, जवळून मुंग्या, आकाशातून वाट, मग एकदम चेहरा. सगळ्या पानांवर पात्रं डोक्यापासून पायापर्यंत, एकाच मापाची काढली की पुस्तक शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यासारखं दिसायला लागतं.

मधलं जोडपान, १२-१३, खास आहे. पिनेच्या पुस्तकात हे एकच जोडपान अखंड कागदावर छापलेलं असतं. बाकीच्या जोडपानांची दोन अर्धं वेगळ्या जागी छापून येतात आणि बांधताना केसभर पुढेमागे होऊ शकतात. तेव्हा अखंड रुंद चित्र तिथे ठेवा. फक्त पिनाही नेमक्या तिथेच येतात, त्यामुळे मधल्या घडीवर मनीचं तोंड नको.

या जोडपानासाठी एक युक्ती आपल्याच मुलखातली आहे. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात पाचव्या शतकातली जातककथांची चित्रं आहेत. तिथे एकाच भिंतीवर, मधे चौकट न आखता, तेच पात्र पुन्हा पुन्हा दिसतं आणि गोष्ट पुढे सरकते. आपणही एकाच वाटेवर मनी चारदा काढू शकतो: नाल्यापाशी, बाभळीखाली, बांधावर, कोपीच्या अलीकडे. लहान मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही, बोट फिरवत ती वाट चालतात. लेणी पाहायला गेलात तर वही घेऊन जा आणि एका प्रसंगातून नजर दुसऱ्या प्रसंगात कशी जाते, एवढंच टिपा.

डमी

डमी म्हणजे पुस्तकाची हाताने केलेली कच्ची प्रत. ए-फोरचे सहा कागद मधे दुमडून एकात एक घाला: २४ पानं झाली. पानांना नंबर टाका. पेन्सिलीने चित्रं, अगदी काड्यांची माणसं असली तरी चालतील, आणि मजकूर हाताने लिहा. त्याआधी एका कागदावर बारा चौकटी आखून सगळी गोष्ट एका नजरेत बघितलेली बरी. सलग तीन चौकटी सारख्या दिसल्या तर तिथेच कळतं.

डमी घेऊन अंगणवाडीत जा. स्वतः वाचू नका, ताईंना वाचायला सांगा आणि तुम्ही मागे बसून पोरांच्या नजरा बघा. ताई कुठे अडखळतात, कुठे स्वतःचे शब्द घालतात, ते शब्द टिपून घ्या. पुष्कळदा ते तुमच्यापेक्षा चांगले असतात. 'कशी वाटली गोष्ट?' असं मुलांना विचारू नये, ती एका सुरात 'छाऽऽन' म्हणतात. 'आता कोण येणार?' असं पान उलटण्याआधी विचारा. उत्तर कुणालाच सुचत नसेल तर चित्रात खूण कमी पडते आहे. पहिल्याच पानावर सगळ्यांना शेवट कळत असेल तर ती जास्त झाली.

मजकूर कापायचा तो याच वेळी. रंगवून झालेलं पान फेकायला जीव होत नाही, पेन्सिलीचं फेकता येतं.

इथलं चित्र काढायचं म्हणजे काय

वासरू काढायचं तर कोणतं? लातूरकडची देवणी गाय पांढरी, तीवर काळे ठिपके-पट्टे, कान लोंबते. त्यातही वानेरा म्हणजे तोंडाच्या बाजू काळ्या, शेवऱ्याच्या अंगावर वेडेवाकडे काळे डाग, आणि बालांक्या जवळजवळ पांढरा. नांदेडकडची लाल कंधारी अंगभर गडद तांबडी. वशिंड नसलेली, काळ्या-पांढऱ्या मोठ्या चट्ट्यांची परदेशी गाय इंटरनेटवरच्या चित्रांत सगळीकडे असते, आणि ती चुकून येळवशीच्या बांधावर येऊन उभी राहते. शेतकऱ्याचं पोरगं ही चूक पहिल्या नजरेत पकडतं.

प्रत्यक्ष जाऊन रेखाटनं करा. कोपीचा कडबा कसा टेकवतात, पेंढ्या कुठे बांधतात, आत पांडवांची जागा कुठे असते, हे एका फोटोवरून कळत नाही, कारण फोटोत पुढची माणसं दिसतात. बिंदगी धरलेला हात कोपरात किती वाकतो, चुंबळ केवढी असते, हेही बघून काढा. आजी-आजोबांना दाखवा, ते चित्रकलेबद्दल काही बोलणार नाहीत, पण 'अशी कोप पडंल की' एवढं नक्की सांगतील.

त्याचबरोबर खेडं जुन्या कॅलेंडरातलं करू नका. येळवशीला आता लोक मोटारसायकलवर, टमटममधून, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जातात. डिसेंबरच्या सकाळी मनीच्या अंगात फ्रॉकवर स्वेटर असेल, कानाला टोपडं असेल. आजीचं लुगडं असेल, पण आईच्या अंगावर गाऊनवर ओढणीही असू शकते. बांधावर बैलगाडीऐवजी स्प्लेंडर उभी असली म्हणून चित्राचा गोडवा कमी होत नाही.

पात्राचा तक्ता

रंगवायला घेण्याआधी मनी समोरून, बाजूने, पाठीमागून, चालताना, बसताना, रडकुंडीला आल्यावर अशी एकाच कागदावर काढून ठेवा. शेजारी आजी, कुत्रं, वासरू उभं करून उंचीची रेघ मारा. स्वेटरचा रंग, वेणीची रिबन, बिंदगीवरची चीर डाव्या अंगाला की उजव्या, हे कागदावर लिहा आणि तो कागद भिंतीवर लावा. पान ७ वर लाल असलेली रिबन पान १५ वर निळी झाली तर संपादकाच्या आधी पहिलीतली पोरगी ती पकडेल.

रंग आणि मूळ चित्रं

जलरंग, पोस्टर रंग, क्रेयॉन, कागद कापून चिकटवणं, काहीही चालतं. एका पुस्तकात एकच पद्धत धरा. मूळ चित्र छापायच्या मापाचं किंवा सव्वापट मोठं काढा. आपल्या आकारात जोडपान साडेचौदा बाय साडेनऊ इंच होतं. त्याच्या चारी बाजूंनी निदान ३ मिलिमीटर जास्त रंगवायचं. हे ब्लीड. कटिंगमध्ये ते जातं, पण ते नसेल तर कडेला पांढरी रेघ उरते. महत्त्वाचं काही, म्हणजे चेहरा, हात, मजकूर, कडेपासून आणि मधल्या घडीपासून सेंटिमीटरभर आत ठेवा.

कागदावर काढलेलं चित्र स्कॅन करा, ३०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० ठिपके). मोठं करायचं असेल तर ६००. मोबाइलने काढलेल्या फोटोत एका कोपऱ्यात उजेड जास्त येतो आणि कडा वाकतात. थेट संगणकावर काढणार असाल तर फाइल ब्लीडसह साधारण ४४२० बाय २९२० पिक्सेलची हवी. क्रिटा हे मोफत सॉफ्टवेअर या कामाला पुरेसं आहे.

रंगांबद्दल एक इशारा. स्क्रीनवरचा झगझगीत पोपटी आणि भगवा छपाईत मळतो, कारण स्क्रीन उजेडाने रंग दाखवते आणि छपाई चार शाईंनी. फाइल सीएमवायकेमध्ये, म्हणजे या चार शाईंच्या रंगपद्धतीत, आधीच बदलून बघा. काळी जमीन काढताना ट्यूबमधला काळा सरळ वापरू नका, छापल्यावर तिथे नुसतं भोक दिसतं; तपकिरी आणि गडद निळा मिसळून केलेली काळी माती ओली आणि जिवंत वाटते. हिवाळ्याच्या सकाळी सावल्या लांब पडतात, तेवढ्यानेही चित्रातली वेळ कळते.

अक्षरं

मजकुराची जागा चित्र काढण्याआधी ठरवा. आपल्याकडे आकाश भरपूर आहे, ते मोकळं सोडा. गजबजलेल्या चित्रावर पांढरी पट्टी टाकून मजकूर चिकटवणं म्हणजे चित्रकाराच्या तोंडावर कागद लावणं.

या वयाला १८ ते २४ पॉइंट अक्षर हवं. देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असतात, म्हणून ओळींमधलं अंतर सढळ ठेवा, २० पॉइंटला ३० च्या आसपास. फॉन्ट युनिकोडच घ्या. मुक्ता किंवा बालू हे मोफत, खुल्या परवान्याचे फॉन्ट चांगले चालतात. 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे दिसतात का ते तपासा: महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये ठरवून दिलेल्या वर्णमालेत ती वळणं आहेत, आणि पोर शाळेत तीच गिरवतं. इनडिझाइन या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय भाषांसाठीचा कंपोजर (अक्षरं जुळवणारी सोय) चालू केला नाही तर जोडाक्षरं फुटतात आणि वेलांटी भलत्याच अक्षरावर बसते. छापखान्याच्या संगणकावरही हे एकदा डोळ्यांनी बघा.

मजकूर चित्रात मिसळून टाकू नका. तो वेगळ्या थरावर आणि फक्त काळ्या शाईत ठेवा. उद्या हेच पुस्तक हिंदीत, किंवा उदगीर-देगलूरकडच्या मुलांसाठी कन्नड-तेलुगूत काढायचं झालं तर फक्त काळ्या रंगाच्या प्लेटा (छपाईचे पत्रे) बदलाव्या लागतात. उर्दूचा प्रश्न वेगळा. नांदेड, बीड, संभाजीनगरात उर्दू शाळा आहेत, पुस्तक न्यावंसं वाटणारच. पण उर्दू उजवीकडून वाचतात, तेव्हा मनीला उलट दिशेने चालावं लागतं. चित्रं आरशातल्यासारखी उलटवता येतात, मात्र चित्रात कुठे पाटी, दुकानाचं नाव किंवा गाडीचा नंबर असेल तर तोही उलटतो. म्हणून चित्रात अक्षरं काढायचीच नाहीत.

छापखाना

कोटेशन मागताना नुसतं 'चोवीस पानी पुस्तक' म्हणू नका. आकार, आतली पानं, कागद, कव्हर, रंग, बांधणी, प्रती, सगळं लिहून द्या. आत १३० जीएसएम (कागदाचं वजन, चौरस मीटरला ग्रॅममध्ये) मॅट आर्ट पेपर, कव्हरला ३०० जीएसएम आर्ट कार्ड आणि लॅमिनेशन, मधे दोन पिना, असं म्हटलं की छापखानावाला नीट बोलायला लागतो. चकचकीत कागदावर ट्यूबलाइटचा उजेड चमकतो आणि मागे बसलेल्या मुलाला चित्र दिसत नाही, म्हणून मॅट. तीनच्या आतल्या मुलांसाठी पिना नकोतच.

शंभर-दोनशे प्रतींना डिजिटल, म्हणजे प्लेटांशिवायची छपाई, परवडते. ऑफसेटमध्ये प्लेटांचा खर्च एकदाच होतो, त्यामुळे पाचशे आणि हजार अशा दोन्हींचे दर मागा. दोन दरांतला फरक बघून निर्णय आपोआप होतो. छपाईआधी एक रंगीत प्रूफ (तपासायची नमुना प्रत) काढून घ्या आणि ते खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात बघा.

कागदपत्रं

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन अर्जावर मोफत मिळतो. कुणी 'एजंट' पैसे मागत असेल तर देऊ नका.

लेखक आणि चित्रकार वेगळे असतील तर करार लेखी करा, मैत्री असली तरी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, मोबदला घेऊन कुणाच्या सांगण्यावरून चित्र रंगवलं आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर पहिला हक्क काम सांगणाऱ्याचा धरला जातो. चित्रकारांनी हे वाक्य दोनदा वाचावं. हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारत, असं कायदा मानतो. मूळ चित्रं परत मिळणार का, कव्हरवर चित्रकाराचं नाव लेखकाइतक्याच मोठ्या अक्षरात येणार का, दुसऱ्या भाषेतल्या आवृत्तीचे पैसे कसे, हेही त्याच कागदावर येऊ द्या.

गठ्ठे घरी आले की वरच्या, मधल्या आणि तळाच्या गठ्ठ्यातून एकेक प्रत काढा. पानांचा क्रम, १२-१३ वरच्या पिना, कडेला पांढरी रेघ, रंगाची हललेली छपाई, एवढं बघून मगच उरलेलं बिल चुकतं करा. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. त्या चार प्रती पहिल्याच दिवशी बाजूला काढून ठेवा. पाचवी प्रत डमी वाचलेल्या अंगणवाडीच्या ताईंना.